रानपिंगळ्याची साक्ष

इतिहासाच्या अभ्यासकाने पाखरांवर बोलायला उभे राहावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. शकावल्या, बखरी, सनदा, महजर यांची चर्चा वसंत व्याख्यानमालांतून पुष्कळ झाली आहे आणि पुढेही होईल. परंतु आमचे म्हणणे असे की, ‘अमुक दिवशी अमुक रानात अमुक पक्षी दिसला’ हे विधान जातीने ऐतिहासिकच आहे. घटना घडून गेली, पाखरू उडून गेले, मागे राहिली ती केवळ पाहणाऱ्याची साक्ष. ती साक्ष खरी मानावी की नाही, मानावयाची तर कोणत्या आधारावर, हा प्रश्न पक्षितज्ज्ञापुढे जसा उभा राहतो तसाच तो इतिहासकारापुढेही उभा असतो. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर झडती घेतली. बखरकार थोर होता, त्याची भाषा रसाळ होती, एवढ्याने त्याचा मजकूर खरा ठरत नाही. अस्सल कागदाशी ताडून पाहावे लागते, हा धडा त्या प्रस्तावनेने महाराष्ट्राला दिला. हाच धडा पक्ष्यांच्या नोंदींना लावला म्हणजे काय होते, याची एक हकीकत आज सांगावयाची आहे. तिचा नायक आपल्या खानदेशातला आहे.

पिंगळा कोणास ठाऊक नाही? तिन्हीसांजेला पडक्या भिंतीच्या भोकातून किंवा जुन्या आंब्याच्या ढोलीतून डोळे वटारून पाहणारे ते वीतभर घुबड. त्याची भाषा आपणांस कळते असे सांगत पहाटे दारी येणारा पिंगळा जोशीही आपल्या गावगाड्यात होताच. परंतु या परिचित पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे, त्याचे नाव रानपिंगळा. तो गावात येत नाही. सागाच्या विरळ जंगलात तो राहतो आणि घुबड असूनही दिवसाउजेडी शेंड्यावरच्या उघड्या फांदीवर बसलेला आढळतो. असा हा उजळ माथ्याने बसणारा पक्षी तब्बल ११३ वर्षे शास्त्राच्या नजरेस पडला नाही. तो सापडला कसा, यापेक्षाही तो इतकी वर्षे हरवला कसा, हे अधिक उद्बोधक आहे.

त्यासाठी दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे. त्या काळी पक्ष्याची नोंद करण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बंदूक. पक्षी मारावा, कातडे सोलावे, आत कापूस भरावा, पायाला चिठ्ठी बांधून तीवर स्थळ, तारीख आणि मारणाऱ्याचे नाव लिहावे. आपणांस हे क्रूर वाटते आणि ते क्रूर होतेच. पण त्यामागे एक तर्क होता: कातडे कपाटात राहते, आणि शंभर वर्षांनी जन्मास येणाऱ्या अभ्यासकालाही ते हातात घेऊन पाहता येते. बोललेला शब्द असा हातात घेता येत नाही.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात एक लहान घुबड मारले. ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेले. हे तेच ह्यूम, ज्यांना आपण १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेचे एक प्रवर्तक म्हणून ओळखतो. हिंदुस्थानातील पक्ष्यांचा त्यांच्याएवढा मोठा संग्राहक त्या काळी दुसरा नव्हता. १८७३ साली त्यांनी ही नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे १८७७ साली भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओरिसाच्या बाजूस एक पक्षी मिळाला. आणि १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशात सनदी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे या टापूत आणखी काही नमुने गोळा केले. झाले एवढेच. जगातील संग्रहालयांत मिळून या जातीची अवघी सात कातडी उरली आणि १८८४ नंतर पाखराचा पत्ता लागेना.

मात्र यात एक अपवाद मानला जात असे. ब्रिटिश म्युझियममधील एका कातड्याच्या चिठ्ठीवर नोंद होती: स्थळ मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४, संग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हा माणूस सामान्य नव्हता. लष्करात कर्नल, युद्धातील हेरगिरीच्या कथांचा नायक, पक्षिशास्त्रातील मान्यवर ग्रंथकार. वीस हजारांच्या आसपास पक्ष्यांची कातडी त्याने जमवली आणि १९५४ साली म्युझियमला देऊन टाकली. आपले सालिम अली १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीवर गेले होते. अशा माणसाची चिठ्ठी खोटी असेल, अशी शंका कोणाच्या मनात यावी? तेव्हा ग्रंथांतून, यादीतून, नकाशांतून ‘मांडवी, १९१४’ ही नोंद उतरत गेली. रानपिंगळा विसाव्या शतकातही होता आणि तो गुजरातेत होता, असे सर्वमान्य झाले. १९७०च्या दशकात सालिम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिपले यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. पाखरू काही सापडले नाही. दरम्यान ‘रानपिंगळा दिसला’ अशा वार्ता अधूनमधून येत. काही वेळा छायाचित्रेही पुढे आली. बारकाईने पाहता ती साध्या पिंगळ्याची निघाली.

येथे क्षणभर खानदेश सोडून इंग्लंडला जाऊ. कारण साक्षीची पारख करण्याचे जे शास्त्र पुढे आपल्या रानपिंगळ्याच्या उपयोगी पडले, ते तेथे एका लबाडीच्या निमित्ताने आकारास आले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे शहर आहे. १८९२ पासून १९३० पर्यंत त्या एका लहानशा टापूत इतके दुर्मिळ पक्षी सापडले म्हणून नोंदले गेले की बाकीच्या किनाऱ्याने आश्चर्य करावे. त्यांतील पुष्कळसे पक्षी जॉर्ज ब्रिस्टो नावाच्या, पेंढा भरण्याचा धंदा करणाऱ्या इसमाच्या दुकानातून बाहेर पडत आणि धनिक संग्राहक ते चांगल्या किमतीला घेत. परदेशी पक्षी इंग्लंडच्या भूमीवर मारला गेला असेल तर त्याची किंमत कैक पटींनी वाढे; तेथेच सगळे पाणी मुरत होते. १९६२ साली ‘ब्रिटिश बर्ड्स’ या मासिकाने हे प्रकरण तडीस नेले. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने त्या टापूतील नोंदी शेजारच्या प्रदेशांशी आणि नंतरच्या काळाशी ताडून पाहिल्या आणि त्या नैसर्गिक योगायोगाने पडलेल्या असणे संभवत नाही, असे गणिताने दाखवले. पाचशेहून अधिक नोंदी रद्द झाल्या. ब्रिस्टो १९४७ सालीच वारला होता. त्याला आपली बाजू मांडता आली नाही, याची खंत त्या निर्णयाला चिकटून राहिली.

त्यापूर्वी तीनच वर्षे, १९५९ साली, त्याच मासिकाच्या पुढाकाराने दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदींची छाननी करणारी समिती स्थापन झाली होती. तिचा रिवाज ध्यानात घेण्याजोगा आहे. पाहणाऱ्याने आपले वर्णन लिहून द्यावे: अंतर किती, उजेड कसा, कोणत्या दुर्बिणीतून, किती वेळ, आणि जवळपासची सारखी दिसणारी जात हीच नव्हे कशावरून. सभासद ते वाचून मत देतात. नोंद नाकारली तर समिती ‘तुम्ही खोटे बोललात’ असे म्हणत नाही. ‘हे सिद्ध झाले नाही’ एवढेच म्हणते. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि आपल्याकडील पुष्कळसे ऐतिहासिक वाद हे अंतर न ओळखल्यामुळे हातघाईवर येतात. आणखी एक गोष्ट. हेस्टिंग्जच्या यादीतून वगळलेल्या जातींपैकी कित्येक पुढे इंग्लंडात खरोखरच दिसल्या. म्हणून जुन्या नोंदी खऱ्या ठरल्या काय? मुळीच नाही. गोष्ट संभवनीय असणे वेगळे आणि ती घडल्याचा पुरावा असणे वेगळे.

आता कोणी म्हणेल, ‘ही बंदुकीच्या काळाची दुखणी झाली. कॅमेरा आल्यावर हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ या भाबड्या समजुतीला अमेरिकेतील एका सुतारपक्ष्याने चांगलेच उत्तर दिले आहे. दक्षिणेकडील दलदलीच्या जंगलात हस्तिदंती चोचीचा एक भव्य सुतार राहत असे. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी लुइझियानात त्याची छायाचित्रे घेतली, आवाजही मुद्रित केला. ते जंगल तोडले गेले आणि १९४४ साली सर्वांना मान्य असलेले त्याचे शेवटचे दर्शन घडले. १९७१ साली लुइझियानातील नामवंत पक्षितज्ज्ञ जॉर्ज लोरी यांनी या पक्ष्याची म्हणून दोन छायाचित्रे विद्वानांपुढे ठेवली. ती दुसऱ्या कोणी काढून त्यांना दिली होती. पुष्कळांनी शंका घेतली की झाडाला चिकटवलेला हा पेंढा भरलेला पक्षी तर नसेल? लोरी यांच्या सचोटीविषयी वाद नव्हता. छायाचित्रांची मात्र खात्री पटेना.

पुढे २००४ च्या एप्रिलमध्ये आर्कान्सासमध्ये एक चित्रफीत मिळाली. काही सेकंदांचीच, धूसर, झाडाआडून उडत दूर जाणारा एक पक्षी दाखवणारी. २००५ साली कॉर्नेलच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या पत्रात जाहीर केले की, तो पक्षी जिवंत आहे. जगभर आनंद झाला. दुसऱ्याच वर्षी त्याच पत्रात डेव्हिड सिब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच चित्रफितीवरून उलट निष्कर्ष मांडला. त्या रानात पायलिएटेड नावाचा दुसरा एक मोठा काळा-पांढरा सुतार आहे. हस्तिदंती चोचीच्या सुताराच्या पंखाची मागची कड वरूनही पांढरी दिसते. पायलिएटेडच्या पंखाचा पांढरा रंग मुख्यतः खालच्या बाजूस, पुढील भागात असतो आणि मागची कड काळी असते. वाद एवढाच की, चित्रफितीत दिसते ती पंखाची वरची बाजू की खालची? एकच चित्र, दोन्ही पक्ष जाणकार, दोन्ही प्रामाणिक, आणि निर्णय मात्र एकमेकांच्या विरुद्ध! २०२१ साली अमेरिकन सरकारने ही जात नामशेष जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. २०२३ साली इतर एकवीस जातींबाबत तो अंमलात आणला, हा सुतार मात्र निर्णयावाचून ठेवला. पुनःपुन्हा दाखवता येईल, दुसऱ्यालाही जाऊन पाहता येईल, असा पुरावा तोवर कोणी दिलेला नव्हता.

यावरून छायाचित्राची योग्यता काय ती कळते. छायाचित्र हे आपल्याकडच्या कागदपत्रासारखे आहे. ते काही सांगते, काही लपवते आणि ते वाचता यावे लागते. उन्हाच्या तिरिपीने करडे पीस पांढरे दिसते. सावलीत तपकिरी पीस काळे दिसते. दूरच्या भिंगाने मागची फांदी जवळ येते आणि पाखराचा आकार फुगतो. पिसे झडण्याच्या दिवसांत नेहमीची खूण नाहीशी होते. त्याशिवाय चित्र कोणी काढले, कोठे काढले, केव्हा काढले, ही चौकशी उरतेच. दोरीवर सर्प भासतो ही वेदान्त्यांची उपमा. भास झाला तो खोटारडेपणा नव्हे, पण दिवा आणून पाहण्याचे टाळणे हा मात्र दोष होय.

आता परत रानपिंगळ्याकडे. १९९०च्या दशकात पॅमेला रासमुसेन या विदुषी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर काम करीत होत्या. त्याच सुमारास, १९९३ साली, ॲलन नॉक्स यांनी माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहातील काही नमुने चोरीचे असून त्यांच्या चिठ्ठ्या बदललेल्या आहेत, असे दाखवून दिले होते. रासमुसेन यांनी इंग्रज सहकारी नायजेल कॉलर यांच्यासह मांडवीच्या त्या पिंगळ्याची तपासणी आरंभली. राजवाड्यांनी कागदाची शाई, वळण, शिक्का पाहावा, तद्वत त्यांनी कातड्याची शिवण पाहिली. क्ष-किरणांनी त्याचे अंतरंग तपासले. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची एक लकब असते. कापूस कसा कोंबावा, टाका कोठे घालावा, हे ज्याचे त्याला. बाहेरून नव्याने घडवलेल्या त्या नमुन्याच्या पोटात दुसऱ्याच एका हाताच्या खुणा निघाल्या. त्या हाताचा धनी होता जेम्स डेव्हिडसन. म्हणजे खानदेशात १८८०च्या दशकात मारलेला पक्षी म्युझियममधून उचलला गेला, त्याला नवे रूप दिले गेले आणि ‘मांडवी, १९१४’ ही चिठ्ठी त्याच्या पायात बांधली गेली! हा सर्व तपास १९९९ साली ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्या. मांडवीची नोंद गेली म्हणजे गुजरातचे ते ठिकाण गेले. उरली ती खरी जुनी ठिकाणे, पूर्वेकडची आणि डेव्हिडसनच्या खानदेशातली. शिवाय सातही अस्सल कातडी एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर असे दिसून आले की, हा पक्षी साध्या पिंगळ्यासारखा मुळीच नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्याची. याची छाती सलग तपकिरी, पोट पांढरे, शेपटीवर रुंद काळे-पांढरे पट्टे, चोच आणि पंजे दणकट, पायांवर दाट पांढरी पिसे. ग्रंथांत वर्णनेच ढिली होती, म्हणून छायाचित्रांची पारख चुकत होती.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे हिंदुस्थानात आले. पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. जंगल उजाड झालेले, पाखरू नाही. मग ते खानदेशाकडे वळले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्या फांदीवर एक घुबड ऊन खात बसलेले किंग यांच्या दृष्टीस पडले. डोक्यावर ठिपके नव्हते.

या प्रसंगी त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. बंदूक नव्हतीच. त्यांनी चित्रफीत घेतली, छायाचित्रे काढली, कोणत्या खुणा कोणत्या चित्रात दिसतात ते लिहून ठेवले आणि पाखरू होते तेथेच राहू दिले. त्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवण्याची गरज उरली नाही. चित्रे संग्रहालयातल्या कातड्यांशी ताडता येत होती, आणि ज्याला शंका असेल त्याला शहाद्याला जाता येत होते. आणि अभ्यासक गेलेही. पुढील वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या व इतर अभ्यासकांच्या पाहणीत तळोदे, तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि सीमेपलीकडे खंडवा भागात रानपिंगळे आढळले. २०१४ साली तर मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, तानसाच्या अभयारण्यात तो दिसला. तेथे त्याची कोणी अपेक्षाही केली नव्हती. २०१८ साली जागतिक यादीत ‘अतिधोक्यातील’ या वर्गातून त्याला ‘धोक्यातील’ या वर्गात आणले गेले. धोका टळला आहे असा याचा अर्थ नव्हे. सातपुड्यातील सागवान आणि शेतजमीन यांची ओढाताण संपलेली नाही.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, एका खोट्या चिठ्ठीने असे किती बिघडले? याचा हिशेब मांडून पाहावा. जी जात नेमकी कोठे होती हेच चुकीचे ठाऊक, तिच्यासाठी कोणते जंगल राखावयाचे? ज्या खानदेशात ती खरोखर होती तेथे तिच्या नावाने एक झाडही राखले गेले नाही, कारण तेथे कोणी तिला शोधतच नव्हते. जंगल मात्र त्या सर्व वर्षांत कमी होत होते. चुकीच्या सनावळीने फार तर एखादी जयंती चुकते. चुकीच्या पक्षिनोंदीने रान चुकते, आणि गेलेले रान परत येत नाही. माइनर्ट्‌झहागेन १९६७ साली मानमरातबात वारला. त्याच्या लबाडीची किंमत त्याला द्यावी लागली नाही. ती मुक्या पाखराच्या खाती पडली.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. कास पठारावर, उजनीच्या पाणथळीवर, मेळघाटात रोज शेकडो चित्रे टिपली जातात आणि त्यांतून खरोखर मोलाच्या नोंदी निघतात. पूर्वी जे काम चार साहेबांचे होते ते आज शाळेतील मुलगी करू शकते, ही आनंदाची गोष्ट होय. पण त्याचबरोबर यंत्राच्या साहाय्याने नसलेला पक्षी असल्यासारखा चितारणेही आज सोपे झाले आहे. तेव्हा ‘हे चित्र पाहा’ एवढ्यावर वाद मिटण्याचे दिवस गेले. चित्रासोबत स्थळ, वेळ, आधीची आणि नंतरची चित्रे, बरोबर असणाऱ्यांची नावे, हे सर्व मागितले पाहिजे. आणि मागणाऱ्यावर कोणी रागावू नये. शंका घेणारा हा साक्षीदाराचा शत्रू नसतो. खऱ्या साक्षीला तोच कायमचे घर मिळवून देतो. ज्येष्ठाने सांगितले म्हणून मानू नये, आणि नवख्याने सांगितले म्हणून झिडकारू नये. कर्नलची चिठ्ठी शंभर नंबरी मानली गेली, आणि तिच्यामुळे खानदेशातले पाखरू नकाशावरून पुसट झाले, एवढे स्मरणात असले म्हणजे पुरे.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल-पावरा माणसांच्या डोक्यावरून हा पक्षी या ११३ वर्षांतही रोज उडत होता. तो त्यांच्या दृष्टीने हरवलेला नव्हताच; हरवला होता तो आमच्या कागदांतून. कागद दुरुस्त झाले आणि तो सापडला. आता निदान ते रान तरी त्याच्यासाठी आणि त्या माणसांसाठी उभे राहील, एवढे आपण पाहिले पाहिजे.